सामानाचा काटा

पोर्वेनीरला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर
मी मालाचं वजन करतो.
लोकरीच्या गासड्या, सायकली,
एकदा एक शवपेटी, रिकामी.
संध्याकाळची फेरी सुटली
की काट्यावर माझी स्वतःची बॅग ठेवतो.
आठ किलो चारशे.
साठीला टेकलेल्या गुडघ्यांना
आठ किलो चारशे म्हणजे काय, ते काट्याला कुठलं कळायला.

म्हणून रोज हीच कटकट :
कोण येणार, कोण घरी राहणार.
जुनी बॉडी जड, पण तिचं बटण
हातमोज्यातूनही सापडतं.
नवी हलकी, सगळं आधीच कळणारी;
थंडीत मात्र तिची बॅटरी
नव्या जावयासारखी,
बसते न बसते तोच निघते.
पन्नासची लेन्स खिशात मावते,
तिला काही समजवावं लागत नाही.
वाइड लेन्स विकून टाकली.
इथलं आभाळ तसंही मापात बसत नाही,
आणि तिच्यातून कडेला वाकलेले दिव्याचे खांब
मिलेंकाला बघवेनात.
म्हणाली, वारा काय कमी वाकवतो?

वारा.
पुंता आरेनासमध्ये ट्रायपॉड घेणं
म्हणजे वाऱ्याशी सोयरीक,
देणंघेणं आधीच ठरवलेलं बरं.
कार्बनचा घेतला होता, चौदा हप्त्यांवर.
सहाव्या हप्त्याला सामुद्रधुनीत गेला.
उरलेले आठ मी पाण्याकडे बघत भरले.
आता लाकडी आहे, तेलकंपनीच्या मोजणीदाराचा,
पायांना लोखंडी टोकं.
मधल्या हुकाला पाच किलो बटाट्यांची पिशवी टांगतो,
मग हलत नाही.
फोटो झाले की बटाटे घरी.
मिलेंका विचारते, आज फोटो उकडू की तळू?

मोठी लेन्स येर्कोची.
चारशेची, पांढरी,
पुढच्या काचेवर नखाएवढा ओरखडा.
तो गेल्यावर नोल्फाने ती टॉवेलात गुंडाळून आणली
आणि काही न बोलता काट्यावर ठेवली.
दोन किलो नऊशे.
ती आकड्याकडे बघत राहिली.
"येर्को जन्मला तेव्हा एवढाच होता,
सासूबाई सांगायच्या."
किती देऊ, मी विचारलं.
म्हणाली, रविवारी तो कुठे उभा राहायचा
तेवढं बघून ये.

लेन्सच्या फोकसच्या रिंगवर
काळी इन्सुलेशन टेप, तीन वेढे.
एकाच अंतरावर त्याने ती कायमची बांधून ठेवलेली.

मोडक्या जुन्या धक्क्यासमोर,
जिथे पाणकावळे फळ्याफळ्यांवर
वाटणीला जमलेल्या भावांसारखे बसतात,
कठड्यापाशी मला तीन ठिपके सापडले,
बोटीच्या लाल रंगाचे.
माझ्या ट्रायपॉडचे पाय बरोब्बर बसले.
उंची जमेना.
येर्को माझ्याहून वीतभर उंच;
पाय त्याच्या खुणेपर्यंत लांबवले
आणि माशांचं खोकं पालथं घालून वर चढलो.

पाणकावळे धूसर.
मागचं जहाज धूसर.
टेप सोडवली असती तर एका वळशात
पीसन् पीस मोजता आलं असतं.
नाही सोडवली.
किनारा आणि धक्का यांच्या मधे कुठेतरी
हातभर पाणी लख्ख दिसत होतं.
त्यात काहीच नव्हतं.
लाट यायची, तेवढ्यापुरती स्पष्ट व्हायची,
जायची.
अकरा वर्षं, दर रविवारी.
मला वाटायचं हा पक्षी टिपतोय.

नोल्फाला काय सांगावं ते सुचेना,
म्हणून तिलाच घेऊन गेलो.
ती माझ्याहून बुटकी, दोन खोकी लागली.
मी तिच्या कोपराला धरून उभा.
बराच वेळ तिने डोळा हलवला नाही.
वाऱ्याने तिचा रुमाल उडाला, तो मी धावत जाऊन आणला,
तरी ती तिथेच.

मग खाली उतरली,
हुकाला टांगलेल्या पिशवीत डोकावली,
म्हणाली,
"ह्या बटाट्यांना कोंब फुटलेत.
दुसरे आण."