दोनशे लिटर

पारोळ्याच्या दवाखान्यात मूल्यांकनाला गेले
तेव्हा फाइलमध्ये सत्तावीस रकाने होते.
भिंतीचा रंग : एक गुण.
हात धुण्याची सहा चित्रं, योग्य उंचीवर : एक गुण.
डायलिसिसची दोन यंत्रं, चालू स्थितीत.
मी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला,
दहापैकी दहा.

तहेरा पिंजारी, टेक्निशियन, काहीच बोलली नाही.
खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.
मग टँकरचा हॉर्न वाजला
आणि ती चपला न घालताच धावली.

एका माणसाचं रक्त धुवायला
दोनशे लिटर पाणी लागतं, मॅडम,
टाकीचं झाकण सरकवत ती म्हणाली,
आणि गावात नळ येतो बाराव्या दिवशी.

भिकन शिंपी खाटेवर, डावा हात यंत्राला दिलेला,
उजव्यानं पिशवीतल्या गुंड्या निवडत होते.
सेवेबद्दल समाधानी आहात का? एक ते पाच सांगा.
"ताई, धुळे जाऊ तवय हप्ताले दोन बिलाऊज व्हयेत.
आते नऊ व्हतस."
मी नऊ कुठं लिहायचे ते शोधलं.
पाचाच्या पुढं चौकटच नव्हती.
"मन्ह्या दोन मशिनी शेतस," ते हसले,
"एकले मी चालाडस,
दुसरी माले चालाडस."

दुपारी रजिस्टर उघडलं.
केवलबाई भोई, मंगळवार, शुक्रवार,
ओळीनं बरोबरच्या खुणा, सात महिने.
मग तहेराच्या अक्षरात : पाणी नाही.
पुन्हा : पाणी नाही. वजन सहा किलो जास्त.
नळात नव्हतं ते पाणी
बाईच्या पायांत साचत चाललं होतं.
पुढं दोनदा गैरहजर,
आणि एक आडवी रेघ, पट्टी न लावता मारलेली.
संगणकात परिणाम असा होता :
रुग्णाने उपचार सोडले.

कोणी काय सोडलं?
मी पेन्सिल काढली, अठ्ठाविसावा रकाना आखला,
वर लिहिलं पाणी,
खाली तारखा, टँकरच्या आणि केवलबाईच्या,
शेजारी शेजारी.
जळगावहून कागद परत आला :
नमुन्यात परस्पर बदल करू नये.
दवाखान्याला अठ्ठ्याऐंशी गुण पडले.
प्रमाणपत्र कुठं लावलंय ते मी पाहिलं नाही,
पण खिळा कुठं असेल ते ठाऊक आहे,
सहा चित्रांच्या बाजूला, योग्य उंचीवर.

निघताना भिकनरावांना एक कापड देऊन आले होते.
मापं तहेरानं घेतली,
ड्रिपच्या नळीला गाठी मारून.
परवा एसटीच्या पार्सलनं ब्लाउज आलं.
हातशिलाई बारीक, गळा नेमका,
आतून उलटून बघितलं
तर दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं माया सोडलेली,
पुढंमागं लागलीच तर उसवायला.

सांगितलेल्या दिवशीच आलं.
म्हणजे त्या आठवड्यात
टँकर आला असावा.