सातशे सत्तर

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, रातपाळीला
मी लोखंडाचा ताप लिहून ठेवतो.
चौदाशे दहा. चौदाशे पाच.
पळी कलते, भरमाण्णा साचे मोजतो :
ओंदु, एरडु, मूरु...
आकडे आईचे, गोकाककडचे.
ठिणगी बुटात शिरली की मात्र
शिवी बापाच्या कडोलीची.

वितळलेल्या लोखंडाला दिशा नसते.
एकेक अणू गरगरतो, इकडे तोंड, तिकडे तोंड,
कुठूनही बघा, सारखंच.
पुस्तकात याला सममिती म्हणतात.
भरमाण्णा म्हणतो, "आमी गोंधळ म्हणतो."

मग वाळूच्या पोटात ते निवत जातं.
लाल, काळपट लाल,
आणि सातशे सत्तरला
कुणी हाक मारलेली नसताना
एक अणू शेजाऱ्याकडे बघून वळतो,
शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे,
आणि लोखंड चुंबकाला ओळख देऊ लागतं.
कुठे वळायचं ते नियमात लिहिलेलं नाही.
नियम अजूनही सगळ्या दिशांना सारखाच.
एवढंच, की निवायचं म्हटलं
तर कुठेतरी तोंड करावं लागतं.

इथला घोळका पूर्वेला,
पलीकडचा दक्षिणेला,
मधे भिंत.
डिप्लोमाला असताना ती मी पट्टी धरून काढायचो,
पेन्सिलीची एक रेघ, दोन मार्कांची.
खरी भिंत जाड असते, शेकडो अणूंची,
आणि त्या जाडीत राहणारा प्रत्येक जण
शेजाऱ्याहून जरासाच कललेला.
पलीकडचा पहिला कोण,
बोट ठेवून सांगता येत नाही.

परवा भरमाण्णानं डब्याच्या पिशवीतून
नातीचा शाळेचा फॉर्म काढला.
शांभवी, वय साडेपाच.
मातृभाषा : चौकोन एकच.
"ह्यात काय लिहूचं?"
घरात ती आजीशी एक बोलते, आईशी दुसरी,
मांजराशी दोन्ही.
मी पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
तो भट्टीकडे बघत म्हणाला,
"ऱ्हाऊ दे. पोर अजून गरम हाय."

तेवढ्यात दुसरी हीट तयार झाली.
चौदाशे वीस, मी लिहिलं.
फॉर्म माझ्याच खिशात राहिलाय,
घडीत थोडी वाळू,
भरायची तारीख सोमवारची.