झाकणावरचे शब्द

चप्पल लाईनमधून मागून आणलेली
खोक्यांची चौतीस झाकणं.
आतल्या पांढऱ्या बाजूवर मार्करनं लिहिलं:
आणि. पण. आहे. नाही. म्हणून.
चित्र कशाचंच काढता येईना.
कमळाला कमळ असतं,
'पण'ला काय काढायचं?

अनुजा सातपुते, इयत्ता दुसरी,
प्रत्येक शब्दाच्या दारात चप्पल काढून उभी राहायची.
आ... ण... णला पहिली वेलांटी... णि...
वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत
कोल्हा कुठल्या रानातनं निघालेला
तेच विसरलेली.

विचारलं, रंकाळ्याची बस कशी ओळखतीस?
पाटी फोडून वाचतीस होय?
हसली. "बघितलं की कळतंय."
आणि पप्पांना कातडं?
"हात लावला की."
मग ह्यांचीही तोंडं ध्यानात ठेव, म्हटलं.
रोज भेटणारी माणसं आहेत ही.
शेजारच्या मावशीला कोण
नाव-गाव विचारून हाक मारतं?

महिनाभर झाकणं दाखवली,
प्रार्थनेनंतर, हात धुवायच्या रांगेत.
एकदा 'नाही' वरणात पडलं.
पुसून, वाळवून घेतलं,
तर हळदीच्या डागाचं ते 'नाही'
अख्ख्या वर्गाला लांबूनच ओळखू यायला लागलं.
म्हणून नवं लिहावं लागलं.

काल तपासणी.
साहेबांच्या हातात मोबाईलचं घड्याळ,
माझ्या हातात तक्ता: बरोबर, चूक.
मी 'आहे' धरलं.
अनुजा, डोळा न हलवता:
"हाय."
'नाही'.
"न्हाई."
'आणि'.
"आन्."

नियमानं तीन चुका.
पेन टेकवलं, आणि तसंच राहिलं.
अक्षरं जुळवली असती
तर 'आहे'च आलं असतं तोंडात.
हा शब्द झाकणावरनं उठून
थेट तिच्या घरी गेला होता,
जेवून आला होता.

तीन बरोबरच्या खुणा केल्या.
"बाई, असं चालतंय होय?" साहेब म्हणाले.
स्वतःचं 'चालतंय'
त्यांना ऐकू आलं नसावं.

शाळा सुटताना अनुजा टेबलापाशी आली.
जुनं, डागाचं 'नाही' पाहिजे म्हणाली.
मला उगीच भरून आलं.
घरी भिंतीला लावणार का गं?

"न्हाई. पप्पास्नी
एक झाकण कमी पडतंय."