उजवा पाय

बर्गनमध्ये सकाळी आठला अजून रात्रच असते.
मी दिवा लावून चार केंद्रांच्या फायली उघडते:
टार्टू, गॉलवे, गेंट आणि आमची.
सगळ्यांना एकच विचारलं होतं,
विजेनंतर आकडी किती सेकंद टिकली?
आकडीचा आकडा, बस्स.

टार्टूत तो पायावर मोजतात.
म्हणजे भूल चढली
की उजव्या घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा आवळतात
आणि मगच देतात स्नायू सैल करणारं औषध,
ते पावलापर्यंत पोचू नये म्हणून.
सगळं अंग निपचित.
चादरीबाहेर एकटा उजवा पाय
घरातल्या वादळाची बातमी देत थरथरतो.
माल्ले नावाची नर्स घड्याळाची कळ दाबून उभी.
पाय थांबतो.
अडतीस.

गेंटमध्ये पायाकडे कुणी बघत नाही.
कपाळावरच्या तारा कागदावर डोंगर काढत जातात,
डोंगर सपाट झाले की लीव्ह पेन्सिलीने उभी रेघ मारते.
एक्कावन्न.

पाय आधी थांबतो, डोकं मागाहून.
हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे,
तरी दर गुरुवारच्या बैठकीत घोडं इथेच पेंड खातं.
फिंटन म्हणतो, टार्टूचे आकडे वगळू या.
टार्टूचे प्राध्यापक कॅमेरा बंद करतात.
गेल्या वेळी त्या काळ्या चौकोनातून
माल्लेचाच आवाज आला, मोडक्या इंग्रजीत:
वीस वर्षं मी ते पाय धरून बसले आहे,
तुमचा कागद कुणाचा पाय धरतो?

आमच्या यादीत एक आहे, सत्तावीस नंबर.
नाव मला ठाऊक नसायला हवं.
पण गाव लहान, आणि शाळेच्या तलावात
मला पोहायला तिनंच शिकवलं.
काठावरून ओरडायची, पाय! पाय कुठे गेले तुझे?
फेब्रुवारीत तिनं जेवण सोडलं, मग पाणी.
अंक तेहतीस.
सहाव्या खेपेनंतर तिनं कॉफी मागितली
आणि ती गार आहे म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला.
अंक नऊ.
त्या दिवशी आम्ही केक आणला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या पानावर आठवणींचे प्रश्न.
गेल्या उन्हाळ्यात बहिणीकडे गेला होतात का?
उत्तर: तुम्ही म्हणता तर गेले असेन.

बेरजेत हातचा विसरावा
तसा एक अख्खा जुलै विसरला गेला.
परत येईल, असं फिंटनची टक्केवारी सांगते.
काहींचा येतो. काहींचा नाही.
ताळा अजून कुठल्याच केंद्रात जमलेला नाही,
म्हणून तर चौघं एकत्र आलो.

परवा ती मला लिफ्टपाशी भेटली.
लाल टोपी, गालांवर रंग, सरळ पाठ.
हसली, जशी कुणाकडेही बघून हसावं.
मला ओळखलं नाही.
तीस वर्षांत हजारभर मुलं पाण्यात सोडली तिनं.
मी गेले ती विजेमुळे की त्या हजारांमुळे,
याला रकाना नाही.
मी म्हटलं, गुड मॉर्निंग. ती म्हणाली, बूट ओले आहेत तुझे.

शेवटी ठरलं: दोन्ही आकडे ठेवायचे,
पाय वेगळा, कागद वेगळा.
फिंटननं हात टेकले. लीव्ह म्हणाली, मग शेरेही ठेवू.
तेव्हापासून माल्ले शेरे पाठवते, रोज एक.
"आज बाई जागी होताच गाऊ लागली."
"आज लोकरीचा मोजा काढायचा राहिला, माफ करा."

आजचा सकाळीच आला आहे:
"पाय थांबला. मी कळ दाबली.
मग अंगठा एकदा हलला, एकटाच.
मोजू?"

बाहेर आता जरा निळं होतंय.
टेबलाखाली मी बूट काढते
आणि माझ्या अंगठ्याकडे बघत बसते.