थ्री फेज

ऐरोलीत विचारतात, एका चार्जमध्ये किती जाते?
टोकावड्याला विचारतात, मधेच लाईट गेली तर?

प्रश्न एकच आहे, असं मला वाटायचं.

आमच्या सोसायटीत हिरव्या पाटीच्या अकरा गाड्या.
मीटर कुणाच्या नावावर, यावर केरकरांनी
तीन सभा काढल्या.
पद्मनाभननी शेवटी हायब्रिड घेतली,
दोन्ही डगरींवर पाय बरा, म्हणाले.
वीज येते कुठून, कुणीच विचारलं नाही.
ती भिंतीतून येते.

बाबा मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झाले.
डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून गरम-गार कळत नाही.
गाडीभोवती एक फेरी मारली,
बॉनेट उघडायला लावलं
आणि देव नसलेल्या देव्हाऱ्यात बघावं तसं बघितलं.
"आवाज नाही हिला. कोंबडं मरेल एखादं."
मग, "किती युनिट खाते?"
तीस, म्हटलं, पोटभर.
"आपल्या घराचे पंधरा दिवस."

घरच्या बोर्डाला लावली तर ट्यूब फडफडली,
शेजारी सुगंधाकाकूंचा पंखा म्हातारा झाला.
म्हणून गिरणीवर नेली. थ्री फेज तिथेच.
निवृत्ती देसल्याने पट्टा उतरवला, हात झटकले, म्हणाला, लाव.

भाकरीचं पीठ न्यायला आलेल्या सहा बायका
डबे मांडून बसल्या,
गाडीच्या तोंडातली वायर बघत.
"किती दळून झालं?" एकीनं विचारलं.
मोबाईलमध्ये पाहून मी म्हटलं, अठ्ठावीस टक्के.
"म्हंजी पायलीभर झालं,"
ती म्हणाली, आणि डबा
एक वीत पुढे सरकवला.

साडेचारला लाईट गेली.
बाबांनी वर पाहिलं, डीपीकडे.
हात खिशाकडे गेला, टेस्टर नव्हता.
"शिरोशीचा फीडर," म्हणाले,
"येईल तासाभरात. नाहीतर उद्या."

बायका डबे तिथेच ठेवून गेल्या,
आपापल्या नंबरावर.
मी केरकरांना कळवलं, उद्याची सभा माझ्याशिवाय करा.
कारण लिहिलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर बाबा दिसेनात.
गिरणीपुढे गाडीत बसले होते, दार उघडं ठेवून,
स्टिअरिंगवर तीच दोन बोटं.
"चांगली आहे," अंधारातून म्हणाले.
"फक्त हिला सांग,
इथे रांग असते."