जागा

गंगावेशीत, दूध कट्ट्यावर, रात्री साडेनऊला
केतकीला दुधाची मिशी आली.
फेसाची, दोन्ही टोकांना वर वळलेली,
तालमीतल्या वस्तादालाही जमू नये अशी.
"आप्पा, फोटो काढा की लवकर, सुकतीया."
मी फोन उचलला. फोन म्हणाला, जागा नाही.

म्हैस माझ्याकडं बघत होती.
धार काढणाराही बघत होता, चरवी गुडघ्यांत धरून.
म्हणाला, "डाउनलोडात जावा. समदी घाण तिथंच साचती.
माझ्या पोरानं परवा माझा असाच धुऊन दिला."

गेलो.

सगळ्यात वर वीजबिलं. एकाच महिन्याचं चार वेळा,
कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन,
दर वेळी वाटलेलं की उतरलंच नाही.
उडवली.
लग्नपत्रिका, गणपतीपासून सुरू होणाऱ्या.
त्यातल्या एका जोडप्याचं आता कोर्टात चालू आहे.
गणपतीवर बोट दाबताना जरा थांबलो,
मनात चुकलं म्हटलं आणि उडवली.
कुस्तीच्या मैदानाचं पत्रक, इनामाच्या आकड्यासकट.
मेहुण्याच्या म्हशीचा विमा, म्हैस विकली तरी आपला इथंच.
पुराच्या वर्षीचे तक्ते, बंधाऱ्यावरची पातळी, तासातासाची:
इशारा एकोणचाळीस, धोका त्रेचाळीस,
आणि त्याच्याही वरचे आकडे, ज्यांना नावच नव्हतं.
तेव्हा अंधारात बॅटरी जपत हेच उघडून बसायचो,
जणू माझी नजर हटली की पाणी एक पायरी चढेल.
आता एका बोटात सगळे गेले.
गटारीतनं एक मांजर तेवढं पळालं.

"आप्पा, सुकली."
"पुसू नको. थांब."

मग: भागीदारी करारनामा फायनल.
त्याखाली: फायनल दोन.
त्याखाली: फायनल नक्की.
दस्तगीरनं पाठवलेले.

उद्यमनगरात एकाच छपराखाली सोळा वर्षं,
तो लेथवर, मी ड्रिलला,
दुसऱ्याचा माल, दुसऱ्याचं नाव.
रविवारी त्याच्या गाडीवरून शिरोलीला शेड बघत हिंडायचो.
आधी जागा मिळंना.
जागा मिळाली तेव्हा आम्ही एकमेकांना मिळंना.
भांडण कशावरून, तर कागदावर नाव आधी कुणाचं.
फायनलमध्ये माझं आधी होतं.
फायनल दोनमध्ये त्याचं.
तिसरी आली तेव्हा मी इतका तापलेलो
की उघडलीच नाही.
तो हल्ली कागलला असतो, कुठल्याशा कारखान्यात, रातपाळीला.
एवढंच ठाऊक. तेही तिसऱ्याच माणसाकडनं.

पाच वर्षांनी, म्हशीच्या शेणाच्या वासात, उघडली.
पक्ष क्रमांक एक, पुढं टिंबं.
पक्ष क्रमांक दोन, पुढं टिंबं.
मी मोजली. दोन्हीकडं सारखी.
खाली त्यानं टाइप केलेलं, ऱ्हस्वदीर्घाची बोंब तशीच:
नावं तु घाल रं. कशीबी.

फोन विचारत होता, काढून टाकायची?
बाजूला वजन लिहिलेलं, चौऱ्याऐंशी केबी.
सकाळच्या सुविचारांचे व्हिडिओ शेकड्यानं एमबी खाऊन बसलेले,
आणि ही चौऱ्याऐंशी केबी.
काढली असती तरी तेवढ्या जागेत
केतकीच्या मिशीतला एक केससुद्धा मावला नसता.

"झालं का ओ?" धारवाला म्हणाला.
झालं. दोन जीबी मोकळी.
केतकीनं तोवर बाहीनं तोंड पुसलेलं.
दुसरा पेला सांगितला, पैसे आधीच ठेवले.
या खेपेची मिशी एका बाजूनं लोंबत होती,
ती म्हणाली चालंल.
फोटोत मागं म्हशीचा डोळा आलाय, अर्धा,
आणि कोपऱ्यात माझाच अंगठा.

घरी जाताना गाडी उद्यमनगरातनं घेतली.
वाट वाकडी पडते ती.
शटरं बंद, लोखंडाचा कीस दिव्याखाली चमकत होता.
"इकडनं का, आप्पा?"
"मोकळं असतंय," मी म्हणालो.