आठ तास

काओश्युंगच्या इस्पितळात, सातव्या मजल्यावर,
भिक्खुणी श्योउ-यिन त्याची नखं कापत बसलीय.
निर्वाणाचं तो काहीच विचारत नाही.
विचारतो, ती राखी कबुतरी आली का,
समुद्रावरून सोडलेली,
पायात चारशे सतराची कडी?

नाही आली, ती सांगते.
येईल, असं म्हणत नाही.
करंगळीचं नख तेवढं हळू कापते.

तो गेल्यावर आठ तास
देहाला कुणी हात लावायचा नाही.
लेक भिंतीशी, हात पाठीमागे घट्ट धरून.
नामजप चाललेला.
पाचव्या तासाला लेक कुजबुजते,
गच्चीवरच्या ढाबळीचं दार
लावून येऊ का आता?

भिक्खुणीच्या खिशात नखांची पुडी.
राहू दे, म्हणते,
आज वारा नाहीये.